कॅथोडवरचे प्लॅटिनम : नवीकरणीय ऊर्जा मंत्र्यांना खुले पत्र

प्रति,
माननीय मंत्री,
नवीन आणि नवीकरणीय ऊर्जा मंत्रालय,
भारत सरकार, नवी दिल्ली

महोदय,



४ जानेवारी २०२३ रोजी केंद्रीय मंत्रिमंडळाने राष्ट्रीय हरित हायड्रोजन अभियानाला मंजुरी दिली आणि त्यासाठी १९,७४४ कोटी रुपये ठरवले. त्यातले १७,४९० कोटी इलेक्ट्रोलायझरची निर्मिती आणि हायड्रोजनचे उत्पादन यांच्या प्रोत्साहनाला, १,४६६ कोटी प्रायोगिक प्रकल्पांना आणि ४०० कोटी संशोधनाला. हायड्रोजन स्वस्त झाला नाही तर पुढचे सगळे बोलणेच खुंटते, तेव्हा या वाटणीबद्दल माझी तक्रार नाही. मला बोलायचे आहे ते हायड्रोजन टाकीत भरल्यानंतर जे घडते त्याबद्दल; नेमके सांगायचे तर फ्युएल सेलच्या कॅथोडवरच्या सुमारे दहा मायक्रॉन जाडीच्या थराबद्दल. गाडीची किंमत, तिचे आयुष्य आणि आपले परावलंबन या तिन्हींचा बराचसा निकाल त्या थरात लागतो. आणि नेमका तोच थर आपल्या संशोधनाच्या मोजमापातून निसटतो आहे.

फ्युएल सेलमध्ये हायड्रोजनचे काम सोपे असते. ॲनोडवर त्याचे प्रोटॉन आणि इलेक्ट्रॉन वेगळे व्हायला फारसा खटाटोप लागत नाही. एका चौरस सेंटिमीटरला ०.०५ मिलीग्रॅम किंवा त्याहूनही कमी प्लॅटिनम तिथे पुरते. अडचण पलीकडच्या बाजूला आहे. हवेतून आलेल्या ऑक्सिजनच्या रेणूतला दुहेरी बंध तोडायचा, त्याला चार प्रोटॉन आणि चार इलेक्ट्रॉन द्यायचे आणि पाणी करायचे. यालाच ऑक्सिजनचे क्षपण म्हणतात. चार इलेक्ट्रॉन एका दमात जात नाहीत, ते टप्प्याटप्प्याने जातात. मध्येच दोन इलेक्ट्रॉनवर गाडी थांबली तर पाण्याऐवजी हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते आणि ते ॲनोड-कॅथोडमधल्या, प्रोटॉन वाहून नेणाऱ्या पटलाला पोखरते. त्याच प्लॅटिनमवर हायड्रोजनच्या अभिक्रियेपेक्षा ही अभिक्रिया लाखो पटींनी मंद चालते. सिद्धांताने १.२३ व्होल्ट मिळायला हवेत. गाडी ओढताना हाती येतात ०.६५ ते ०.७. या तोट्यातला सर्वांत मोठा वाटा कॅथोडचा. म्हणून बहुतेक प्लॅटिनम तिथे ओतावे लागते.

आता ते येते कुठून, हे पाहा. जगातल्या खाणींतून वर्षाला सुमारे पावणेदोनशे टन प्लॅटिनम निघते आणि त्यातले जवळजवळ सत्तर टक्के एकट्या दक्षिण आफ्रिकेच्या बुशवेल्ड पट्ट्यातून येते. उरलेल्यात रशिया आणि झिम्बाब्वे हे मोठे. याच पट्ट्यातल्या मारिकाना येथे १६ ऑगस्ट २०१२ रोजी संपावरच्या ३४ खाणकामगारांना पोलिसांच्या गोळ्यांनी प्राण गमवावे लागले. प्लॅटिनम जपून वापरण्याची गरज केवळ त्याच्या भावामुळे नाही, ही गोष्ट या धातूवर काम करणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी असे मला वाटते. भारतात प्लॅटिनमची व्यावसायिक खाण नाही. ओडिशात साठे आहेत, पण ते अजून जमिनीतच आहेत. २०२३ मध्ये केंद्र सरकारने ३० अतिमहत्त्वाच्या खनिजांची यादी काढली, तीत प्लॅटिनम गटाचे धातू आहेत. म्हणजे धोका सरकारला ठाऊक आहे.

अवजड ट्रकसाठी अमेरिकेच्या ऊर्जा विभागाने ठेवलेले लक्ष्य असे : २५,००० तासांच्या वापराइतकी झीज झाल्यावरही एका ग्रॅम प्लॅटिनममागे अडीच किलोवॅट मिळाले पाहिजेत. २०० किलोवॅटच्या ट्रकला म्हणजे ८० ग्रॅम. असे एक लाख ट्रक रस्त्यावर आणायचे तर ८ टन लागतील, आणि हे लक्ष्य गाठले असे धरून. सगळ्या जगाच्या वर्षभराच्या उत्पादनातला साडेचार टक्के हिस्सा एका देशाच्या एक लाख ट्रकांना! प्लॅटिनम कमी करणे हा इथे हौसेचा विषय उरत नाही.

बॅटरीवरच्या गाड्या एवढ्या पुढे गेल्या असताना हा सारा उद्योग कशाला, असे आपल्या मंत्रालयातही कोणी विचारत असेल. छोट्या मोटारींपुरता तो प्रश्न बहुतेक सुटला आहे आणि बॅटरीच्या बाजूने सुटला आहे, असे माझे मत आहे. लांब पल्ल्याचे अवजड ट्रक, पाणबुड्या, दुर्गम भागातली वीज यांचा निकाल मात्र अजून लागायचा आहे. अंबरनाथच्या नौदल सामग्री संशोधन प्रयोगशाळेने फॉस्फोरिक आम्लाच्या फ्युएल सेलवर चालणारी पाणबुडीची वायुनिरपेक्ष प्रणाली उभी केली. तिच्या जमिनीवरील प्रतिकृतीची चाचणी मार्च २०२१ मध्ये यशस्वी झाली. २१ ऑगस्ट २०२२ रोजी पुण्यात केपीआयटी आणि सीएसआयआर यांनी मिळून तयार केलेली फ्युएल सेल बस रस्त्यावर आली. राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळा त्या कामात होती. कराईकुडीची केंद्रीय विद्युतरसायन संशोधन संस्था आणि चेन्नईचे फ्युएल सेल तंत्रज्ञान केंद्र कित्येक वर्षे याच कामात आहेत. म्हणजे पाटी कोरी नाही. माणसे आहेत, हात बसलेले आहेत. उणीव आहे ती मोजमापाच्या एका दुव्याची, आणि तो दुवा नसल्यामुळे चांगले कामही वाटेत थांबते.

गेल्या वीस वर्षांत जगभरच्या प्रयोगशाळांनी प्लॅटिनमला कमी वजनात जास्त काम करायला लावण्याच्या सुंदर युक्त्या शोधल्या. सुंदर हा शब्द मी विचारपूर्वक वापरतो आहे. तीन नॅनोमीटरच्या प्लॅटिनमच्या कणात निम्म्याहून अधिक अणू आत कोंडलेले असतात आणि त्यांचा अभिक्रियेला काही उपयोग नसतो. अमेरिकेतल्या ब्रुकहेवन प्रयोगशाळेच्या राडोस्लाव ॲडझिक यांनी पॅलेडियमच्या गाभ्यावर प्लॅटिनमचा केवळ एका अणूच्या जाडीचा थर चढवला; आत कोंडून वाया जाणारे प्लॅटिनमच उरले नाही. दुसरी वाट त्याहून सूक्ष्म आहे. २००४ मध्ये डेन्मार्कच्या नॉरस्कोव आणि सहकाऱ्यांनी गणिताने दाखवले की प्लॅटिनम ऑक्सिजनला हवे त्यापेक्षा किंचित जास्त घट्ट धरते. पकड थोडी सैल झाली तर अभिक्रिया वेग घेईल, फार सैल झाली तर ऑक्सिजन तुटणारच नाही. मग पकड सैल करायची कशी? प्लॅटिनमच्या पृष्ठभागाखाली निकेल किंवा कोबाल्ट बसवायचे. त्या धातूंचे अणू लहान, त्यामुळे वरचे प्लॅटिनमचे अणू एकमेकांजवळ ओढले जातात, इलेक्ट्रॉनांच्या पातळ्या सरकतात आणि ऑक्सिजनवरची पकड ढिली पडते. २००७ मध्ये स्टामेन्कोविच, मार्कोविच आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तीन भाग प्लॅटिनम आणि एक भाग निकेल असलेल्या स्फटिकाच्या एका विशिष्ट पृष्ठावर हे करून दाखवले : शुद्ध प्लॅटिनमच्या तशाच पृष्ठापेक्षा दहा पट आणि बाजारातल्या कार्बनवरच्या प्लॅटिनमपेक्षा नव्वद पट क्रियाशीलता. हा निष्कर्ष आला तेव्हा या क्षेत्रात जी उमेद आली, ती अजून ओसरलेली नाही. २०१६ मध्ये तर खडबडीत कडांच्या प्लॅटिनमच्या नॅनोतारांनी एका मिलीग्रॅममागे १३.६ अँपिअर दिले. मोटारींसाठी अमेरिकेचे लक्ष्य होते ०.४४. तीस पट!

मग रस्त्यावरची गाडी तीस पट कमी प्लॅटिनमवर का धावत नाही?

कारण हा आकडा गाडीतल्या सेलमधला नाही. तो फिरत्या तबकडीवरचा आहे. काचेसारख्या कार्बनच्या छोट्या तबकडीवर काही मायक्रोग्रॅम उत्प्रेरक वाळवतात, पर्क्लोरिक आम्लाच्या विरळ द्रावणात बुडवून मिनिटाला १,६०० फेऱ्यांनी फिरवतात आणि विद्युतप्रवाह मोजतात. पद्धत स्वस्त आहे, तासाभरात निकाल देते आणि दोन पदार्थांची प्राथमिक तुलना करायला उत्तम आहे. मात्र पाण्यात ऑक्सिजन इतका थोडा विरघळतो की तिथे चौरस सेंटिमीटरला सहाएक मिलिअँपिअरपलीकडे प्रवाह जाऊच शकत नाही. ट्रकच्या सेलला एक ते दोन अँपिअर हवे असतात, म्हणजे दोनशे-तीनशे पट अधिक. तबकडीवर उत्प्रेरकाला भरपूर पाणी, स्वच्छ आम्ल आणि तासाभराचे काम मिळते. सेलमध्ये त्याला ८० अंश तापमान, कधी कोरडी तर कधी चिंब हवा, आणि वर्षानुवर्षे चढउतार सोसावे लागतात.

आणखी एक गोष्ट तबकडीवर दिसतच नाही. सेलमध्ये प्रोटॉन पोचवण्यासाठी कार्बनवर आयनोमर या बहुवारिकाची पापुद्र्यासारखी पातळ त्वचा असते, दुधावर साय धरावी तशी. प्रोटॉन या त्वचेतूनच येतात आणि ऑक्सिजनलाही हिलाच भेदून प्लॅटिनमपर्यंत जावे लागते. प्लॅटिनम भरपूर असते तेव्हा हा अडथळा जाणवत नाही, कारण ऑक्सिजन असंख्य कणांवर वाटला जातो. प्लॅटिनम चौरस सेंटिमीटरला ०.१ मिलीग्रॅमच्या खाली आणले की तेवढाच प्रवाह थोड्या कणांमधून काढावा लागतो, प्रत्येक कणाभोवती ऑक्सिजनची टंचाई होते आणि नेमक्या चढावर, पूर्ण भार असताना, व्होल्टेज कोसळते. शिवाय आयनोमरमधले सल्फोनेट गट प्लॅटिनमला चिकटून त्याच्या जागा अडवतात. जनरल मोटर्सच्या संशोधकांनी हे गेल्या दशकात स्पष्टपणे मांडले. त्यानंतर जगातल्या जाणत्या गटांचे लक्ष मिश्रधातूवरून कार्बनच्या छिद्रांकडे वळले. कार्बनमध्ये चार-पाच नॅनोमीटरची अरुंद छिद्रे ठेवायची आणि प्लॅटिनमचे कण त्यांत बसवायचे. ऑक्सिजन आत जातो, आयनोमर मात्र शिरू शकत नाही. टोयोटाच्या दुसऱ्या पिढीच्या मिराईमध्ये प्लॅटिनम-कोबाल्टच्या मिश्रधातूबरोबर असाच सच्छिद्र कार्बन आहे.

प्लॅटिनम घटवण्याचा या तंत्रातला सर्वांत मोठा टप्पा कुठल्याही नव्या मिश्रधातूने गाठलेला नाही, हेही आपल्या निधीच्या समित्यांनी ध्यानात घ्यावे. १९८० च्या दशकात लॉस अलामोसच्या प्रयोगशाळेत रेस्ट्रिक यांनी इलेक्ट्रोडमध्ये आयनोमर मुरवला. त्याआधी पटलाला थेट टेकलेले प्लॅटिनमच तेवढे कामाला येत होते, बाकीचे नुसतेच पडून होते. या एका बदलाने चौरस सेंटिमीटरला ४ मिलीग्रॅमवरून ०.४ वर येता आले. पदार्थ तोच, प्रमाण दहावा हिस्सा. पुढे १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला त्याच प्रयोगशाळेत विल्सन आणि गोटेसफेल्ड यांनी उत्प्रेरक आणि आयनोमर यांची एकत्र शाई करून पातळ थर द्यायची रीत आणली आणि प्रमाण आणखी खाली गेले. शाईत पाणी किती आणि अल्कोहोल किती, ती किती वेळ घोटायची, थर कसा वाळवायचा, ही कामे कुठल्याही नावाजलेल्या नियतकालिकाच्या मुखपृष्ठावर येत नाहीत. प्लॅटिनम मात्र तिथेच वाचते.

टिकाऊपणाचे दुखणे याहून खोल आहे. भार वरखाली होतो तसे प्लॅटिनम थोडे थोडे विरघळते. लहान कणांतून सुटलेले अणू मोठ्या कणांवर जाऊन बसतात, काही पटलात शिरून तिथेच धातू बनून अडकतात. मिश्रधातूतले निकेल किंवा कोबाल्ट झिरपून बाहेर आले की ते आयनोमरमधली प्रोटॉनची जागा बळकावतात. गाडी बंद-चालू करताना कॅथोडचे विभव क्षणभर इतके चढते की खालचा कार्बनच जळतो. प्लॅटिनम अजिबात न वापरता लोह, नायट्रोजन आणि कार्बन यांचा उत्प्रेरक करण्याचे प्रयत्नही होत आहेत. १९६४ मध्ये जासिन्स्की यांनी कोबाल्ट थॅलोसायनीनवर ऑक्सिजनचे क्षपण दाखवले तिथपासूनचा तो प्रवास आहे आणि २००९ मध्ये क्यूबेकच्या डोडेले यांच्या गटाने त्याला मोठी गती दिली. पण आम्लात हे उत्प्रेरक काही दहा-शंभर तासांतच ढेपाळतात, आणि बाहेर पडलेल्या लोहाची पेरॉक्साइडशी अभिक्रिया होऊन पटलाचे लचके तुटतात. त्यांवर संशोधन जरूर चालू राहावे. ट्रकचे वेळापत्रक मात्र त्यांच्या भरवशावर आखू नये.

आता आपल्या हवेचे पाहू. कॅथोड बाहेरची हवा ओढतो. गंधकाची संयुगे प्लॅटिनमला घट्ट चिकटतात. नायट्रोजनची ऑक्साइडे आणि अमोनियाही कॅथोडला बाधतात. हायड्रोजनच्या शुद्धतेसाठी आंतरराष्ट्रीय मानक आहे, त्यात गंधकाची मर्यादा अब्जात चार भाग इतकी कडक आहे. हवेला असे कुठले मानक लावणार? ती महामार्गावर मिळेल तशीच घ्यायची. प्लॅटिनम जितके कमी, तितकाच विषाचा डोस उरलेल्या थोड्या जागांवर बसणार. म्हणजे कमी प्लॅटिनमचा सेल मलिन हवेला अधिक हळवा असतो. त्याच्या दुसऱ्या टोकाला लेह आहे. तिथे एनटीपीसीने साडेअकरा हजार फुटांवर हायड्रोजन बससेवेची सोय केली आहे. तिथल्या हवेचा दाब समुद्रसपाटीच्या सुमारे दोन-तृतीयांश, म्हणजे ऑक्सिजनही तेवढाच. दिल्ली-नोएडाची हवा आणि लेहची हवा या कॅथोडसाठी जगातल्या कठोर परीक्षांपैकी आहेत, आणि त्या देणारी वाहने आपल्याकडे धावू लागली आहेत. परदेशी प्रयोगशाळेतला स्वच्छ हवेवरचा आकडा आपल्याला हे सांगणार नाही.

महोदय, आता माझ्या मागण्या.

जुलै २०२४ मध्ये आपल्या मंत्रालयाने चाचणी सुविधा आणि मानके यांसाठी २०० कोटींच्या योजनेची मार्गदर्शक तत्त्वे काढली. त्या योजनेच्या चौकटीत कॅथोडच्या उत्प्रेरकांसाठी एक सामाईक चाचणी केंद्र उभे करा. देशातल्या कुठल्याही प्रयोगशाळेने, मग ती आयआयटी असो की एखाद्या जिल्ह्याच्या गावातले महाविद्यालय, आपला उत्प्रेरक काही ग्रॅम पाठवावा. केंद्राने त्याची शाई करावी, एकाच प्रतीच्या पटलावर थर द्यावा, एकाच मापाच्या सेलमध्ये, एकाच नियमाने हवेवर तपासावा. सुरुवातीची क्रियाशीलता, पूर्ण भाराचे व्होल्टेज आणि ०.६ ते ०.९५ व्होल्टमधली ३०,००० आवर्तने झाल्यानंतरची स्थिती, असे तिन्ही निकाल जाहीर करावेत. नापास झालेल्यांचेही. कुठली वाट बंद आहे हे एकाने शोधले असेल तर दुसऱ्या विद्यार्थ्याची चार वर्षे तिच्यात जाऊ नयेत. तबकडीवर चमकलेला पदार्थ सेलमध्ये विझतो तेव्हा तो का विझला हेच सर्वांत मोलाचे ज्ञान असते, आणि आज ते वह्यांत पडून राहते, कारण ते छापण्याने कोणाची बढती होत नाही.

अशी व्यवस्था परदेशात आहे. अमेरिकेने २०२० मध्ये ट्रकच्या फ्युएल सेलसाठी राष्ट्रीय प्रयोगशाळांचा एक समूह बांधला आणि चाचणीचे नियम सगळ्यांना सारखे ठेवले. आपण त्यांचे नियम घ्यावेत आणि त्यांत आपली हवा, आपले तापमान, आपली धूळ घालावी.

दुसरी मागणी काळाबद्दल. २५,००० तास म्हणजे अखंड चालवले तर जवळजवळ तीन वर्षे. आपल्याकडच्या संशोधन प्रकल्पाची मुदत बहुधा तेवढीच असते. यंत्र येण्यातच त्यातला मोठा भाग जातो. टिकाऊपणाची चाचणी हे पीएचडीच्या विद्यार्थ्याचे काम नाही. त्याला कायमस्वरूपी तंत्रज्ञ हवेत, रात्रपाळी हवी, न खंडणारी वीज आणि वायू हवेत. प्रकल्पाच्या पैशातून असे तंत्रज्ञ ठेवता येतील अशी तरतूद करा. उत्प्रेरकाचा प्रस्ताव आला की निवड समितीने एक प्रश्न जरूर विचारावा : हा पदार्थ दहा ग्रॅम करता येईल का, आणि दहाव्या ग्रॅमला पहिल्यासारखाच उतरेल का?

तिसरी मागणी सर्वांत स्वस्त आहे. मार्च २०२५ मध्ये आपण पाच प्रायोगिक प्रकल्पांना मंजुरी दिली. त्यांत ३७ बस आणि ट्रक आहेत, त्यांपैकी १५ फ्युएल सेलवर चालणारे. मार्गांमध्ये पुणे-मुंबईही आहे. या १५ गाड्यांच्या स्टॅकचे, म्हणजे सेलच्या चळतीचे, आयुष्य संपेल तेव्हा ते भंगारात किंवा मूळ पुरवठादाराकडे परत जाऊ देऊ नका. करारात एक कलम घाला की प्रत्येक मार्गावरच्या एका तरी गाडीचा जुना स्टॅक भारतीय प्रयोगशाळेत उघडला जाईल. कॅथोडचा थर किती झिजला, प्लॅटिनम कुठे गेले, गंधक किती बसले, कार्बन किती उरला, हे इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली पाहू द्या. पाहून झाल्यावर त्यातले प्लॅटिनम परत मिळवण्याचा अभ्यासही तिथेच होऊ शकेल; आयनोमर जाळला तर हायड्रोजन फ्लोराइड सुटते, तेव्हा न जाळता प्लॅटिनम वेगळे करण्याची रीत आपल्याला बसवावीच लागेल. भारतीय रस्त्यावर झिजलेला एक कॅथोड आम्हाला शंभर शोधनिबंधांपेक्षा अधिक शिकवील.

यातल्या कुठल्याही मागणीला नवे अभियान नको, नवी इमारत नको. चाचणी केंद्राला पुणे, कराईकुडी किंवा चेन्नई यांपैकी कुठलीही जागा चालेल. मी पुण्याचा असलो तरी त्यासाठी अडून बसणार नाही. स्टॅकचे कलम मात्र थांबू शकत नाही. गाड्या धावू लागल्या आहेत, झीजही सुरू झाली आहे. प्रकल्पांच्या करारांत ते कलम या वर्षीच घालावे, ही आपल्याला कळकळीची विनंती.

आपला,
विद्युतरसायनशास्त्राचा एक अभ्यासक
पुणे